गुडघे टेकायचे नाहीत

नोएला मेरास्टीची पाठ गेली तेव्हा ती कॅनडातल्या सस्काटून शहरातल्या एका वृद्धाश्रमात कामाला होती. एका भल्याथोरल्या म्हाताऱ्याला खुर्चीतून पलंगावर घेताना तिच्या कमरेत असं काही लचकलं, की म्हातारा सुखरूप पलंगावर आणि नोएला फरशीवर. पुढे कितीतरी दिवस तिला बुटाची नाडीही बांधता येईना. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, पाठ तशीच राहिली. शेजारीण म्हणाली, त्या कोपऱ्यावर पिलाटेस नावाच्या व्यायामाचा स्टुडिओ आहे, तिथं पाठी सुधारतात म्हणे. तिथली फी आपल्याला झेपणारी नाही हे नोएलाला दारातच कळलं. पण त्याच दारावर पाटी होती, साफसफाईला माणूस पाहिजे. ती आत गेली आणि मालकिणीला म्हणाली, "फरशी मी पुसते. बदल्यात मला वर्गात आडवं होऊ द्याल?"

मालकिणीचं नाव कर्स्टन. उंच, हसरी, बोलताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवायची सवय असलेली. तिनं लगेच होकार दिला, आणि तो मनापासून दिला हेही खरं.

पहिल्या दिवशी नोएला चटईवर उताणी पडली. शिक्षिका म्हणाली, श्वास पोटात नको, पाठीच्या बरगड्यांत भरा. नोएलाला हसू आलं. पाठीत कधी कुणी श्वास भरतं का? पण तिनं भरून पाहिला आणि खरोखरच कुठंतरी एक बंद खिडकी उघडल्यासारखं झालं. आजवर हे शरीर दुसऱ्यांना उचलायला, दुसऱ्यांचं पुसायला आणि बर्फ उपसायला होतं. त्यात आपल्याला राहायलाही एवढी जागा आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाठ सुधारली. नोएला मात्र तिथंच राहिली. आधी फरशी, मग दारावरची खुर्ची, मग कर्स्टनच्याच प्रशिक्षण वर्गात शिकून ती शिक्षिका झाली. तिला तांबडं फुटायच्या आधीचे वर्ग मिळत, जे दुसऱ्या कुणाला नको असत. एकदा एक नवी बाई आली. समोर उभ्या असलेल्या नोएलाला म्हणाली, "टॉवेल कुठं मिळतील गं? आणि आमच्या शिक्षिका यायच्यात अजून?"

"टॉवेल त्या कपाटात," नोएला म्हणाली. "शिक्षिका आलेली आहे. तुम्ही आता आडव्या व्हा."

नोएला मूळनिवासी, क्री लोकांतली. जूनमध्ये मूळनिवासींचा दिवस आला तशी कर्स्टन तिच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "नोएला, त्या दिवशी तू एक खास वर्ग घे ना. मागं ढोल वाजतोय, केसात एखादं पीस... लोकांना फार आवडेल."

"कर्स्टन, तुझी आजी जर्मनीची ना?"

"हो. का?"

"मग तू सॉसेज तळत तळत का नाही शिकवत?"

कर्स्टन हसली, पण तिचे कान लाल झाले. "अगं, मी कौतुकानं म्हणत होते."

तोवर नोएलाचा फोटो असलेलं पोस्टर दारावर लागलेलंही होतं. केसातलं पीस कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलं होतं आणि ते बदकाचं होतं. नोएलानं ते पोस्टर काढलं, नीट घडी घातली आणि रद्दीत टाकलं. नोकरी मात्र सोडली नाही. ती सोडवली त्या हिवाळ्यात आलेल्या घरच्या फोननं.

फोन रॉक्सॅनचा होता, मावसबहिणीचा. "आई पडली. माशांना धुरी देतो ना, त्या खोपटापाशी बर्फावरून घसरली. खुबा गेला. ऑपरेशन झालंय, पण आता घरी आणल्यापासून खुर्चीतून उठायचं नाव घेत नाही. तू त्या पाठी-बिठी नीट करतेस ना? ये."

नोएला पंधरवड्याची रजा काढून उत्तरेला, टू लून लेकच्या आपल्या वस्तीत गेली, आणि पुन्हा कधी कर्स्टनच्या स्टुडिओत परतली नाही.

फिलोमेन मावशीनं नोएलाला लहानाची मोठी केलेलं. नोएलाची आई गेली तेव्हा शहरातून सरकारी बाई मुलीला न्यायला आली होती. मावशी दारात कुऱ्हाड घेऊन उभी राहिली. बाईला म्हणाली, "मी लाकडं फोडतेय. तुमचं काय काम होतं?" बाईचं काही काम नव्हतं असं निघालं. तीच मावशी आता खिडकीशी खुर्चीत बसून होती, मांडीवर रजई, समोर गार झालेला चहा. फिजिओथेरपीवाला महिन्याकाठी एकदा येई, तोही रस्ता बरा असला तर.

"आलीस?" मावशी म्हणाली. "वाळलीस की गं. शहरात काय झाडपाला खाता का?"

"मावशी, उद्यापासून तुला व्यायाम द्यायचाय."

"कसला व्यायाम?"

"पिलाटेस."

"पिलात?" मावशीनं चष्मा सावरला. "येशूला क्रुसावर पाठवलं तो पिलात? त्याच्या हातचा व्यायाम मी नाही करायची."

"मावशे, हा दुसरा. जर्मन होता."

"मग तर नकोच."

पण केला. आधी खुर्चीतच, मग पलंगावर, मग जमिनीवर रजया घालून. मावशी श्वास भरताना डोळे मिटायची आणि सोडताना क्री भाषेत नोएलाचा उद्धार करायची. उताणं पडून हात झपझप खालीवर हलवायचा एक प्रकार होता. मावशी म्हणाली, "हे तर नावेतलं पाणी उपसणं झालं." त्या दिवसापासून त्याचं नाव 'नाव उपसणं'. कुशीवर पडून पाय आपटायचा तो 'बीव्हरचं शेपूट'. बसून मागं रेलायचं ते 'जाळं ओढणं'. काही आठवड्यांत मावशी काठी घेऊन चुलीपर्यंत जाऊ लागली आणि बॅनकची रोटी स्वतः थापू लागली.

मग एक दिवस नोएला म्हणाली, "आता पालथी हो. हात टेक आणि गुडघ्यांवर ये."

मावशी हलली नाही.

"हळूच ये. खुब्याला काही होणार नाही, मी धरते."

"नाही."

"दुखेल थोडं, पण..."

"दुखायचं कोण म्हणतंय?" मावशीचा आवाज एकदम सपाट झाला. "गुडघे टेकायचे नाहीत मला."

ती कशीबशी उठून बसली आणि चुलीकडे तोंड करून बोलली. नोएलाकडे बघून बोललीच नाही. त्या नन लोकांच्या शाळेत, मुलांना आईबापांकडून उचलून न्यायचे त्या शाळेत, आपल्या भाषेतला एक शब्द तोंडून गेला की सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकवून बसवायचे. जेवणाची घंटा होईपर्यंत. कधी ती होऊन गेल्यावरसुद्धा. "तिथून सुटले त्या दिवशी ठरवलं. चर्चमध्येपण टेकत नाही मी. फादरला सांगितलंय, देवाला मला बघायचं असेल तर उभीला बघेल." मग रजई ओढून ती आडवी झाली. "चल, ते बीव्हरचं घे."

नोएलानं बीव्हरचं घेतलं. पण त्या दुपारी ती तळ्याकाठी जाऊन बराच वेळ बसून राहिली. शिकलेला सगळा क्रम तिनं मनात फिरवून पाहिला. त्यात गुडघ्यांवरचं कितीतरी होतं, आणि सगळं शिकवताना 'या गुडघ्यांवर' असं ती किती सहज म्हणत आली होती. वस्तीत मावशीच्या वयाच्या सगळ्याच बायका त्या शाळेतल्या. कुणी कधी बोलायचं नाही. तिनं ठरवलं, या घरात कुणाला तसं पुन्हा सांगायचं नाही. गुडघ्यांवरची एकेक हालचाल घेऊन तिनं ती कुशीवर, खुर्चीवर, भिंतीला हात लावून उभ्यानं कशी होईल ते शोधून काढलं. काही जमल्या. काही अजिबात जमल्या नाहीत, त्या तिनं सोडून दिल्या.

मावशी चालायला लागली हे वस्तीत लपणार कसं? आधी युफ्रेझी आली, मावशीची बालमैत्रीण, दोन्ही खांदे धरलेली. मग तिची सून. मग दुकानातली बाई. मावशीच्या बैठकीत जागा पुरेना म्हणून समाजमंदिराचा हॉल मागितला. हॉलवर कधी बिंगोचा खेळ, कधी मयताची जागरणं. आणि रिकामा असला तरी खिडकीशी चहा घेऊन उभे असणारे बाप्ये. त्यांचा म्होरक्या अल्फॉन्स मामा, मावशीचा धाकटा भाऊ.

"बघा रे," तो बाहेरून ओरडायचा, "सगळ्या सील किनाऱ्याला लागल्या! नोएला, यांना परत पाण्यात कशा ढकलणार?"

"तुला आधी ढकलते, मामा," नोएला आतून म्हणायची.

"गोऱ्या बायकांचे चाळे हे! आपल्या आज्या कधी पडून व्यायाम करत होत्या का?"

यावर युफ्रेझी पडल्या पडल्या म्हणाली, "तुझी आजी पडायला मिळालं असतं तर उठलीच नसती. तुम्ही बाप्ये होतात ना सगळं करून घ्यायला."

बायका हसल्या खऱ्या, पण पुढच्या वेळी निम्म्या आल्या नाहीत. खिडकीतून बघणाऱ्यांसमोर पाय वर करायचा म्हणजे लाजच की. तेव्हा रॉक्सॅननं डोकं चालवलं. ती शाळेत कॉम्प्युटर सांभाळायची. म्हणाली, "घरोघरी फोन आहेत. तू इथून शिकव, त्या आपापल्या घरात करतील. कॅमेरा बंद ठेवा म्हणावं. कोण बघतंय?"

असा तो स्टुडिओ ऑनलाइन सुरू झाला. मावशीच्या बैठकीत एका भिंतीला जुनी रजई टांगली, पुढं चटई, खुर्ची, आणि लोण्याच्या डब्यांवर उभा केलेला कॉम्प्युटर. नाव मावशीनं दिलं: पसिको. क्रीमध्ये 'ऊठ'. "लहानपणी तू शाळेला जायला उठत नव्हतीस तेव्हा मी हेच ओरडायचे," ती म्हणाली.

पडद्यावर नुसते काळे चौकोन दिसत. पण आवाज येत. कुणाचा कुत्रा भुंके, कुणाचं नातवंड पाठीवर चढे, कुणी मध्येच 'थांब गं, मूस हरणाचं मांस लागलं बुडाला' म्हणून पळे. नोएला चौकोनांशी बोलायची. "युफ्रेझी, खांदे कानाला लावून पडलीयस ना? सोड खाली." आणि काळ्या चौकोनातून आवाज यायचा, "अगं बाई, हिला दिसतं की काय!" पलीकडच्या वस्त्यांतून बायका आल्या. मग दूरच्या शहरांत राहायला गेलेल्या त्यांच्या लेकी आल्या. एकीनं दुसरीला, दुसरीनं नणंदेला सांगितलं. नोएलानं दारावरची पाटी रंगवली नाही की जाहिरात केली नाही. रॉक्सॅननं नवे वर्ग लावले, पाठीचे, बाळंतिणींचे, मधुमेहवाल्यांचे. वर्गाच्या सुरुवातीला नोएला एकच सांगायची, "इथं गुडघ्यांवर काही नाही." का, ते कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. विचारायची गरज असलेल्या बायका तिथं नव्हत्याच.

हे कानावर गेल्यावर कर्स्टनचा फोन आला. तिचा धंदा आता मोठा झाला होता. तिचे वर्ग देशभर पडद्यावर दिसत, मागं भागीदार उभे होते. "नोएला, मी तुझे वर्ग बघितले. किती सुंदर आहेत! माझ्याकडे ये. तुझं नाव, तुझ्या बायका, सगळं तुझंच. फक्त ते हजारो लोकांपर्यंत पोचेल. आणि तुला लोण्याचे डबे लागणार नाहीत."

हे आमिष लहान नव्हतं. टू लूनचं इंटरनेट वारा सुटला की जायचं. रॉक्सॅनला शाळेची नोकरी सोडून हेच करायचं होतं. उत्तरेतल्या कितीतरी वस्त्यांना अजून पसिकोचा पत्ता नव्हता. नोएलानं विचार केला, रॉक्सॅनशी बोलली, मावशीलाही विचारलं.

"ती लाल कानांची ना?" मावशी म्हणाली. "येऊ दे. चहा पाजू."

उन्हाळ्यात कर्स्टन फोटोग्राफरला घेऊन आली. धुळीचा रस्ता तिनं हसत सोसला, चुलीवरचा धुरी दिलेला मासा आवडीनं खाल्ला, मावशीच्या हातच्या मण्यांच्या मोजड्या बघून तिचे डोळे भरून आले. नोएलाला वाटलं, माणूस वाईट नाही. आणि नव्हतीच ती वाईट.

दुपारी सगळ्या बायका तळ्याकाठी जमल्या. कुणी रिबिनींचे घागरे नेसलेल्या, कुणी नातवाची हॉकीची जर्सी घातलेल्या. इतके महिने काळे चौकोन असलेल्या बायका, पलीकडच्या वस्तीतल्याही, एकमेकींना आवाजावरून ओळखत होत्या. "अगो, तूच का ती, जिचा कुत्रा भुंकतो?" कडेला गाड्या लावून बाप्येही उभे होते, अर्थातच.

फोटोग्राफरनं एक-दोन फोटो काढले आणि हात जोडून म्हणाला, "आता असं करू या. सगळ्यांनी पाण्याकडे तोंड करून गुडघे टेकायचे. हात जमिनीवर, मान खाली. धरतीमातेला वंदन. प्रत्येक वर्गाची सुरुवात याच दृश्यानं होईल."

कर्स्टन म्हणाली, "मी त्याच्यासाठी शब्दही लिहिलेत, नोएला. फार शांत वाटतं ऐकताना."

युफ्रेझीनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं काठी दोन्ही हातांत धरली आणि तळ्याकडे बघत राहिली. एका बाईनं तर, सवयीनंच म्हणा, हुकूम ऐकल्यासारखा एक पाय वाकवला, आणि तिच्या शेजारणीनं तिचा दंड पकडून तिला वर ओढलं. नोएलाला तो वाकलेला पाय दिसला. त्या एका पायानं तिच्या डोक्यातलं सगळं गणित पुसलं.

"नाही," ती म्हणाली.

"गवत ओलं आहे का? चटया आहेत गाडीत."

"चटया नकोत. गुडघे टेकायचे नाहीत. कुणीच टेकणार नाही."

कर्स्टन तिला बाजूला घेऊ लागली, दंडावर हात ठेवून. नोएला जागची हलली नाही, तेव्हा कर्स्टन तिथंच हळू आवाजात म्हणाली, "फक्त एक फोटो आहे गं. आणि वर्गांचंही बोलायचं होतं मला. गुडघ्यांवरचं सगळंच तू काढून टाकलंयस. त्याशिवाय अभ्यास अपुरा आहे, माझे भागीदार मान्य करणार नाहीत. तुझं काही कारण असेल. मला सांग ना. मी समजून घेईन."

नोएलानं मावशीकडे पाहिलं. मावशीनं मान अगदी थोडी हलवली. नाही. ते तिचं होतं. ते कुणाच्या भागीदारांना पटवायला द्यायचं नव्हतं.

"कारण नाही," नोएला म्हणाली.

"असं कसं? कारणाशिवाय मी त्यांना काय सांगू?"

"सांग की बायका नाही म्हणाल्या."

"पण का म्हणाल्या?"

"कर्स्टन, तुझ्या स्टुडिओत कुणी बाई म्हणाली, मला हे करायचं नाही, तर तू तिला रडायला लावून मग सोडतेस का? आमच्या 'नाही'ला मात्र कहाणी जोडावी लागते. तुला ऐकून वाईट वाटलं पाहिजे, मग तू मान देणार. नको मला तसला मान. इथं नाही म्हणजे नाही, आणि ते पुरेसं आहे."

मागून अल्फॉन्स मामाचा आवाज आला. बायकांना वाटलं, आता हा काहीतरी बरळणार. तो आपल्या गाडीच्या हौद्यातून घडीच्या खुर्च्या काढत होता. एक उघडून त्यानं बहिणीच्या मागं ठेवली. "बस, फिलोमेन." मग दुसरी युफ्रेझीला. मग बाकीच्या गड्यांनीही आपापल्या गाड्या उपसल्या. कुणाची मासेमारीची खुर्ची, कुणाची पालथी बादली. बायका तळ्याकाठी रांगेनं बसल्या, पाय ऐसपैस पसरून, जणू बिंगो सुरू व्हायचा आहे.

"हां," मावशी फोटोग्राफरला म्हणाली, "आता काढ की."

त्यानं कॅमेरा वर केला आणि कर्स्टनकडे बघून खाली घेतला.

कर्स्टन संध्याकाळच्या आत निघाली. जाताना तिला रडू येत होतं. "मी तुम्हाला मोठं करायला आले होते," ती म्हणाली. नोएलानं तिला वाटेसाठी मासा बांधून दिला. आपल्याकडे आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, मग भांडण का झालेलं असेना.

यानंतर सगळं छान झालं असं नाही. थोड्या दिवसांत कर्स्टनच्या वकिलाकडून निरोप आला, की तुमचं शिक्षण आमच्याकडचं, आमच्या पद्धतीचं नाव यापुढे लावू नये. मावशी म्हणाली, "बरं झालं. पिलात गेला एकदाचा." नोएला हसली खरी. नावाबरोबर काही बायकाही गेल्या. शहरातल्या काही लेकींना प्रमाणपत्रवाली शिक्षिका हवी होती. आणि रॉक्सॅन महिनाभर धड बोलेना.

एक दिवस भांडी घासता घासता तिचा बांध फुटला. "तू नाही म्हणालीस, बरं केलंस. आईसाठी केलंस, मला कळत नाही का? पण मला एकदा तरी विचारलंस? त्या शाळेतल्या कोंदट खोलीतून सुटणार होते मी."

"विचारायला वेळ नव्हता गं."

"माहितीये. म्हणून तर भांडता येत नाही तुझ्याशी. त्याचाच राग येतोय."

नोएलानं तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसायला लागली. "मग आता भांड. चांगलं कडाकडा भांड. आणि झालं की सांग, पुढं काय करायचं."

रॉक्सॅन भांडली. मावशीनं आतून रेडिओ मोठा केला. भांडून झाल्यावर रॉक्सॅननं नाक पुसलं आणि म्हणाली, "आपणच शिक्षिका तयार करू. आपलीच पद्धत. तिचं नाव पसिको, आणि शिकवणार तू. प्रमाणपत्र कुणाचं विचारलं तर आपलं."

"लोक हसतील."

"मामा गेली दोन वर्षं हसतोच आहे. मेलो का आपण?"

आणि तसंच केलं. पहिल्यांदा शिकायला आलेल्या बायकांत युफ्रेझीची सून होती, पलीकडच्या वस्तीतली नर्स होती, आणि दूर विनिपेगला राहणारी एक ट्रकचालक होती, जी विसाव्याच्या थांब्यावर गाडीमागं चटई टाकून सराव करायची. नोएलानं त्यांना शरीराचं सगळं शिकवलं, हाडं, स्नायू, श्वास. आणि एक गोष्ट फार कडकपणे शिकवली: बाई नाही म्हणाली तर कारण विचारायचं नाही, दुसरी वाट शोधायची, आणि ती शोधायची अक्कल नसेल तर शिकवायचं नाही. नर्सनं पहिल्या परीक्षेत एका बाईला 'का गं, का नको?' असं विचारलं. नोएलानं तिला नापास केलं. पुढच्या वेळी ती पास झाली आणि आता सगळ्यांत चांगली शिकवते.

एका सरकारी आरोग्य अधिकाऱ्यानं फोन करून विचारलं होतं, तुमच्या या प्रकारात मूळनिवासी म्हणण्यासारखं नेमकं काय आहे, काही विधी, काही औषधी वनस्पती? नोएला म्हणाली, "मालकीण." त्याला वाटलं, फोन कटला. मग तोच म्हणाला, "बरं, बरं," आणि आमच्या दवाखान्यातल्या बायकांना तुमच्याकडे पाठवू का, असं विचारलं.

शाळेची नोकरी सोडून रॉक्सॅन पूर्णवेळ पसिकोत आली त्या शरद ऋतूत सगळं घर मूसच्या शिकारीला रानात गेलं होतं. वर्ग बुडवायचा नाही म्हणून नोएलानं तंबूच्या पुढ्यात, स्प्रूस झाडाच्या फांद्यांवर, चटई टाकली. शेजारच्या उंच खडकावर सिग्नल लागत होता. रॉक्सॅन तिथं फोन धरून उभी राहिली. मावशी घोंगडीवर उताणी पडली, डोक्याला काळा रुमाल, पायात लोकरीचे मोजे. पडद्यावर आता काळे चौकोन थोडेच उरले होते. बाकीच्यांत स्वयंपाकघरं दिसत, पलंग दिसत, एकीकडे तर कपडे वाळत घातलेले दिसत, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध बायका, आडव्या.

"श्वास घ्या," नोएला म्हणाली. "पाठीत. आणखी."

झाडीतून अल्फॉन्स मामा आला, खांद्यावर बंदूक, चेहरा वैतागलेला. "अगं, हळू! एवढ्या बायका एकदम फुसफुसतात, मूस काय थांबणार आहे? पार मॅनिटोबा प्रांतात पळाला असेल!"

"पळाला तर तू पळ त्याच्यामागं," मावशी पडल्या पडल्या म्हणाली. "तेवढाच व्यायाम होईल तुला. नोएला, तू घे गं पुढचं. नाव उपसू या."